मशीन दुसरं मिळेल

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. करवत म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी मुठीचे दातेरी पाते येईल. मी तशी नाही. मी माणसाच्या कमरेएवढी उंच आहे. खाली कपाटासारखी लोखंडी पेटी, तिच्या पोटात मोटर आणि डोक्यावर बिडाची जाड, गुळगुळीत पाटी. पाटीच्या मधल्या फटीतून माझे गोल पाते डोकावते. मला टेबल-करवत म्हणतात. मोटर सुरू झाली की पाते इतक्या वेगाने फिरते की त्याचे दात दिसेनासे होतात. दिसत नाहीत तेव्हाच ते जास्त चावतात, एवढे लक्षात ठेवा.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले बीड साच्यात ओतले, ते निवले आणि माझी पाटी तयार झाली. पण मला लगेच कामाला लावले नाही. कारखान्याच्या मागच्या अंगणात आम्ही साऱ्या पाट्या कितीतरी महिने उन्हापावसात नुसत्या पडून होतो. नव्या बिडाच्या अंगात ताण असतो. तो हळूहळू सुटू दिला नाही तर पाटी पुढे वाकते. "मुरू द्या त्यांना," असे तिथला मुकादम म्हणायचा. मला तेव्हा फार कंटाळा यायचा. आज वाटते, बरे झाले मुरले.

पुढे मला तासून, घासून, पेटीवर चढवून एका सुतारमिस्त्रींच्या कारखान्यात आणले. कारखाना म्हणजे त्यांच्या घरामागची एक लांबट खोली. एका भिंतीला हत्यारे टांगलेली, दुसऱ्या भिंतीला फळ्या टेकवलेल्या आणि जमिनीवर भुशाचा मऊ गालिचा. तिथे मी दारे कापली, खिडक्यांच्या चौकटी कापल्या, शाळेची बाके कापली. बाकांच्या कडा मिस्त्री स्वतःच्या मांडीवर घासून बघत. मुलांना लाकडाचे कुसळ लागता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. गिऱ्हाईक आले की कापलेल्या कडेवरून हात फिरवी आणि म्हणे, "मिस्त्री, लोण्यासारखी कापलीय." मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवीत. माझी छाती फुगे. म्हणजे, असती तर फुगली असती.

रोज संध्याकाळी ते मला पुसून, मेण लावून ठेवीत. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या पाटीवर चहाचा कप ठेवला. मिस्त्रींनी मुकाट्याने कप उचलला आणि खाली उमटलेला ओला गोल स्वतःच्या सदऱ्याने पुसून काढला. काकू म्हणाल्या, "लग्न माझ्याशी केलंत की हिच्याशी?" मिस्त्री म्हणाले की तुझ्यावर कोणी कप ठेवला तर तोही मी उचलेन. त्यावर काकू बराच वेळ हसत होत्या.

मग एका दुपारी मिस्त्रींनी फळीवर पेन्सिलीने रेघ मारली, मला सुरू केले आणि फळी पुढे सरकवण्याआधीच बंद केले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. शेवटी फळी भिंतीला टेकवून ते घरात गेले. "एकीच्या दोन रेघा दिसतात," असे त्यांनी काकूंना सांगितले. त्यानंतर त्यांनी माझ्यावर कधीच काही कापले नाही. कोणी सांगितले म्हणून नव्हे. त्यांचे त्यांनाच कळले.

माझ्यावर आधी एक खोके आले. मग जुनी गादी, मग रद्दीचे गठ्ठे. शेजारची मांजर गादीवर झोपू लागली, आणि खरे सांगते, ती आली की मला बरे वाटायचे. पण छपरातून थेंब गळायचा. पाटीवर गंज चढला. एकदा भंगारवाला आला, त्याने मला टिचकी मारून वजनाचा अंदाज घेतला. मिस्त्री म्हणाले, वजनावर द्यायची वस्तू नाही ही. तो गेल्यावर काकूंनी विचारले, मग हिचे करायचे तरी काय?

उत्तर काही दिवसांनी आपल्या पायांनी चालत आले. तिशीतली एक बाई दारात उभी राहिली. दूरची नोकरी सोडून आलेली ती आता वडिलांच्या घरात एकटी राहत होती आणि मागच्या पडवीत हातकरवतीने लहान मुलांसाठी स्टूल, पुस्तकांची मांडणी, बसकी टेबले बनवीत होती. कामे वाढली होती आणि हात पुरेनासे झाले होते. तिने गादी, खोके, रद्दी स्वतः उतरवली. पाटीवर पोलादी पट्टी उभी धरली आणि वाकून, पट्टीखालून उजेड दिसतो का, म्हणजे पाटी कुठे वाकली आहे का, ते पाहिले. माझे पाते हाताने हळूच फिरवून कान देऊन ऐकले. मग मिस्त्रींनी मला सुरू करून दाखवले. इतक्या दिवसांनी आवाज फुटल्यावर मी आधी खाकरले आणि मग नीट बोलू लागले.

मिस्त्रींनी तिला एवढेच विचारले, "भीती वाटते का हिची?"

"वाटते," ती म्हणाली.

"मग न्या. माझी बोटं जागेवर आहेत ती त्या भीतीमुळंच."

आता प्रश्न होता मला घरी न्यायचा. या बाईला एक थोरली बहीण होती. थोरलीचा मालवाहू टेम्पो होता आणि तो ती स्वतःच चालवी. पण दोघींत अबोला होता. त्यांचे वडील गेले तेव्हा धाकटी दूर नोकरीला होती आणि वेळेत पोचली नाही. भरल्या घरात थोरली तिला म्हणाली होती, "आलीस का? पाहुण्यासारखी?" धाकटी त्यावर काहीच बोलली नाही आणि मग पुढेही बोललीच नाही. काही निरोप असला की तो थोरलीच्या नवऱ्यामार्फत जाई. धाकटी त्यांना दाजी म्हणे. टेम्पो घेऊन दाजीच यायचे होते. पण त्या सकाळी त्यांची कंबर धरली, आणि थोरलीला यावे लागले. दाजींची कंबर खरेच धरली होती की नाही, देव जाणे. पुढच्याच आठवड्यात ते गव्हाचे पोते पाठीवर घेऊन जिना चढले, असे मी ऐकले आहे.

मिस्त्रींनी माझे पाते काढले, ते पुठ्ठ्यात गुंडाळले, मोटर उतरवली. पाटीही काढा, असे ते म्हणाले. पण ती पुन्हा पात्याच्या रेषेत बसवता येईल की नाही, या धास्तीने धाकटी नको म्हणाली. थोरलीला ते पटले नव्हते. तिच्या कपाळावरच्या आठीवरून ते दिसत होते. पण बोलणार कोण?

शेजारपाजारच्या माणसांनी मला फळ्यांच्या उतारावरून टेम्पोत चढवले. मिस्त्रींनी चाकांखाली देतात तशा माझ्या पेटीखाली पाचरी ठोकल्या, दोराने मला दोन्ही बाजूंनी आवळले, आणि दोन जुने टायर सोबत दिले. मग दोघींना समोर उभे करून सांगितले, "चढवताना माणूस जोर लावतो. उतरवताना मशीन जोर लावतं. दोराला टेम्पोच्या आकड्याभोवती एक वेढा द्या आणि सावकाश सोडा. आणि सुटलंच, तर सुटू द्या. मध्ये हात घालायचा नाही." काकूंनी माझ्या पाटीवर जुनी चादर पांघरली. मिस्त्रींनी चादरीवरून एकदा हात फिरवला आणि टेम्पो निघायच्या आतच पाठ फिरवून घरात गेले.

वाटेत दोघी पुढे बसल्या होत्या. थोरली खड्डा चुकवी तेव्हा इतकी हळू चालवी की मागची वाहने ओरडत. त्यांच्या मागच्या काचेतून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. दोन्ही पाठी अगदी सारख्या ताठ होत्या.

घरी पोचल्यावर दोघींनी मुकाट्याने फळ्या लावल्या, खाली टायर ठेवले. थोरली टेम्पोत चढली आणि धाकटी खाली उभी राहिली. मला आवळलेल्या दोराचे मोकळे टोक धाकटीने टेम्पोच्या बाहेरच्या आकड्याजवळून वर दिले. आता हिने आकड्याला वेढा दिला असेल, असे धाकटीला वाटले. दोर तिकडूनच आला आहे म्हणजे वेढा देऊनच आला असेल, असे थोरलीला वाटले. विचारायला एक शब्द पुरला असता. तो कोणीच खर्चला नाही. थोरलीने माझ्या पाचरी काढल्या.

मी सरकले. मित्रांनो, मला थांबायचे होते, पण जड वस्तूच्या हातात तेवढेच नसते. फळ्या करकरल्या आणि माझे सगळे वजन उताराला लागले. धाकटीने पळून जायला हवे होते. तिने उलट दोन्ही तळवे आणि खांदा मला लावला. त्याच क्षणी वर थोरलीने सरकता दोर पकडला. तो तिच्या मुठीतून सरसर गेला, तिची कातडी सोलत गेला, आणि मग एका झटक्याने थांबला. तिने पाय टेम्पोच्या कडेला रोवले होते. तिची कोपरे थरथरत होती. हे फार वेळ टिकणार नाही, हे आम्हा तिघींनाही कळत होते.

थोरली हळू आवाजात म्हणाली, "चिंगे, बाजूला हो."

कितीतरी दिवसांत तिने बहिणीला त्या नावाने हाक मारली नव्हती.

"ताई, पाटी फुटेल."

"फुटू दे. मशीन दुसरं मिळेल."

आधी हे शब्द मला लागले. इतकी वर्षे लोण्यासारखी कापले, आणि माझी किंमत एवढीच? पण चिंगीचे तळवे अजून माझ्या अंगावर होते. गरम, घामेजलेले, घट्ट. मी आयुष्यभर फळ्या पुढे सरकवणारे हात पाहिले आहेत. त्यांच्यासारखी दुसरी वस्तू मी कुठे पाहिली नाही. मग मला थोरलीचे म्हणणे पटले. चिंगीने हात काढले तेव्हा मला सुटका झाल्यासारखे वाटले.

ती बाजूला झाली. थोरलीने दोर सोडला. मी उतारावरून घसरत टायरांवर आदळले आणि कुशीवर कलंडले. पाते वरखाली करायचे माझे बाजूचे हातचाक मोडले. पाटीच्या कोपऱ्याचा एक टवका उडाला. धुरळा उडाला.

मग थोरली खाली उतरली. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. तिने चिंगीचे हात हातात घेतले आणि लहान मुलाचे पाहावे तसे एकेक बोट वाकवून पाहिले. पाहता पाहता चिंगीच्या मनगटाला रक्त लागले. ते थोरलीच्या तळव्यांचे होते. मग चिंगीने तिला नळापाशी नेले, पायरीवर बसवले आणि तिच्या तळव्यांवर कितीतरी वेळ पाणी सोडत राहिली.

मी तिथेच कुशीवर पडून होते. म्हणून मला सगळे ऐकू आले. चिंगीने विचारले की बाबांचे इतके बिघडले होते तर मला आधी का नाही बोलावलेस. थोरलीने सांगितले की बाबाच नको म्हणत होते. पोरीची नवी नोकरी आहे, तिला घाबरवू नका, असे रोज म्हणत. शेवटपर्यंत त्यांना वाटत होते की आपण बरे होऊ.

"मी त्यांचं ऐकलं," थोरली म्हणाली. "ऐकायला नको होतं. आणि सगळ्यांसमोर तुला तसं बोलायलाही नको होतं. माझा राग माझ्यावरच होता गं."

चिंगी म्हणाली, "मी भांडायला हवं होतं तुझ्याशी. गप्प बसले, ते जास्त वाईट केलं."

थोरली म्हणाली, मग आता भांड. चिंगी हसली आणि हसता हसता रडू लागली. नळ तसाच वाहत राहिला.

त्यानंतर त्यांनी जे सकाळीच करायला हवे होते ते केले. माझी पाटी सोडवली, मला हलके केले आणि एकेक तुकडा पडवीत नेला. आता सारखे बोलणे चालू होते. धर. धरलंय. सोडू? थांब. आता सोड. इतके साधे शब्द, पण पेटीला उंबऱ्याचा साधा ओरखडासुद्धा आला नाही. पाटी पुन्हा रेषेत बसवायला वेळ लागला. एकजण हळूच ठोकी, दुसरी पट्टी धरून वाकून बघे, आणि "केसभर डावीकडे" असे म्हणे. मिस्त्रींना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी दोघींची खुशाली विचारली आणि मग माझी. कोपऱ्याचा टवका उडाल्याचे ऐकून ते म्हणाले, कोपऱ्याने कोण कापतो?

आता माझा गंज गेला आहे. पाटीला पुन्हा मेण लागते. मोडलेल्या हातचाकाच्या जागी सागाचे नवे चाक बसले आहे, ते चिंगीने स्वतः घडवले. थोरली सुटीच्या दिवशी येते आणि पात्यापलीकडे उभी राहून कापलेली फळी अलगद धरते.

मित्रांनो, मी तुमच्याकडे काय मागू? तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखी जुनी यंत्रे असतील, तर त्यांच्यावर रद्दी टाकू नका. तेलाचा थेंब द्या, पाण्यापासून जपा. ती तुमच्या नातवंडांच्याही कामी येतील. जड काही उचलायचे असेल तर आधी ते हलके करा, आणि उचलताना एकमेकांशी बोला. आणि कधी वेळ आलीच, तर आम्हाला सोडा. आम्ही पडलो तरी चालेल.

एक मात्र मागणे आहे. माझ्या आवाजात माणसांचे बोलणे ऐकू येत नाही. परवा थोरली काम चालू असताना काहीतरी म्हणाली. चिंगीला ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. तिने लगेच बटण दाबून मला बंद केले, पाते थांबेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "काय म्हणालीस, ताई?" तुम्हीही असेच करा. मला खुशाल बंद करा. फळी अर्धी कापलेली राहिली तरी हरकत नाही. मी थांबेन.