हसण्याची फीत

"या खुर्चीवरून मला उठवणारा अजून जन्माला यायचाय," असं सुनेला सांगून मी पहिल्या रांगेत ऐसपैस बसले.

"अहो आई, ती पाहुण्यांची आहे. पाठीवर कागद चिकटवलाय."

"मी दुसरीपर्यंत शिकलेय. कागदांना घाबरत नाही. आणि मी काय इथे झाडू मारायला आलेय?"

मुलगा पलीकडे तोंड फिरवून बसला होता. मिशा पिकायला लागल्या, तरी चारचौघांत आई आपली नाही असं दाखवायची त्याची सवय काही गेली नाही.

कार्यक्रम रेडिओच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये होता. रेडिओवरचा विनोदवीर हवालदिल, त्याच्या जन्माचं शंभरावं वर्ष. त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात नाही. रविवारी सकाळी रेडिओवर तो बोलायला लागला की रस्त्यात माणूस दिसायचं नाही. आमचे हे याच हॉलचे दारवाले होते. चौतीस वर्षं. रेकॉर्डिंग सुरू झालं की लाल दिवा लावायचा, दार आतून लावायचं आणि दिवा विझेपर्यंत दाराला पाठ लावून उभं राहायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. जुन्या कामगारांच्या घरच्यांना बोलावणं होतं, म्हणून मी ठेवणीतलं पातळ नेसून आले होते. यांना जाऊन सहा वर्षं झाली.

यांना ते काम शोभून दिसायचं. घरीसुद्धा कायम लाल दिवा लागल्यासारखेच असायचे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी यांना हसताना पाहिलं नाही. माझ्या माहेरी यांना 'दगड' म्हणायचे. म्हणायला मीच शिकवलं होतं. शेजारणींना मी हसत सांगायची, आमच्याकडे घड्याळ तरी टिकटिक करतं, हे तेवढंही करत नाहीत.

रविवारी मी रेडिओ मोठा करून भांडी घासायची. हवालदिल काहीतरी बोलायचा आणि मागे हॉलभर माणसं हसायची. त्यात एक हसणं वेगळं होतं. पंपानं आधी नुसती हवा ओढावी, मग भसकन पाणी यावं, तसं. मी त्या हसण्याची वाट बघायची. ते आलं की हातातलं भांडं निसटायचं, इतकं मला हसू यायचं. हे तिथेच पेपर घेऊन बसलेले असायचे.

मी म्हणायची, "ऐका जरा. याला म्हणतात हसणं. याची बायको सुखी असेल."

हे पान उलटायचे.

तर कार्यक्रम सुरू झाला. एक गायिका हवालदिलच्या आवडीचं गाणं गायली. एका सिनेमावाल्यानं सांगितलं की विनोद म्हणजे काय ते मी हवालदिलकडून शिकलो, आणि सांगता सांगता रडला. विनोद शिकलेला माणूस रडतो कशाला, असं मी सुनेच्या कानात म्हटलं. तिनं मला कोपरानं ढोसलं.

मग रेकॉर्डिंग करणारे साहेब उठले. वय नव्वदीच्या घरात, पण यंत्राजवळ जाताच हात सरळ झाले.

"आता ऐकवतो ते रेडिओवर असं कधीच लागलं नाही. मूळ फीत आहे."

खरखर झाली. मग हवालदिलचा आवाज आला. पोलीस चौकीवर तक्रार घेऊन गेला होता.

"साहेब, छत्री हरवली."

"कशी होती?"

"माझ्यासारखीच. एकदा उघडली की मिटत नव्हती."

क्षणभर काहीच नाही. मग ते हसणं आलं. तेच. आधी हवा, मग पाणी. पण या वेळी मागे हॉल नव्हता, एकटंच होतं. आमच्या रांगा खदाखदा हसायला लागल्या. मीही हसले. आणि हसणं ओसरता ओसरता शेवटी घशात एक बारीक आवाज झाला. 'खं.'

मी सुनेचं मनगट धरलं.

"आई, लागतंय मला."

तो 'खं' मी एकेचाळीस वर्षं ऐकला होता. पाणी पिऊन झाल्यावर. घरात येताना, दाराची कडी वाजवण्याआधी. शेवटी दवाखान्यात बोलणं गेलं तेव्हाही तेवढा राहिला होता. दुसऱ्या कुणाच्या घशात तो असायची सोय नव्हती.

साहेब सांगत होते, "त्या दिवशी गाव बंद होतं. ऐकायला एक माणूस आला नाही. हवालदिल म्हणाले, खुर्च्या हसत नाहीत, मी जातो घरी. कसंबसं त्यांना उभं केलं. लाल दिवा लागला, आणि ज्याला आम्ही शिंकायचीसुद्धा बंदी केली होती, तो दारवालाच हसला. वरचे लोक त्याला नोटीस काढणार होते. तो हात जोडून माझ्याकडे आला, म्हणाला, साहेब, फीत पुसून टाका. हवालदिल मधे पडले. म्हणाले, पुसायची नाही. एवढ्या रिकाम्या खुर्च्यांतून मला एकच माणूस मिळालाय."

लोक टाळ्या वाजवत होते.

"मग ते हसणं आम्ही वेगळं काढून ठेवलं. डब्यावर लिहिलं, 'दारवाला'. अकरा वर्षं, जिथे लोक कमी हसले तिथे ते जोडलं. शेवटचा तो 'खं' तेवढा मी ब्लेडनं कापायचो. दारवाल्याची एकच अट होती. घरी कळता कामा नये. आम्हाला वाटलं, लाजतोय." साहेबांनी दिव्यांच्या झोतात डोळ्यांवर हात आडवा धरून खाली लोकांत पाहिलं. "त्यांचं कुणी आलंय का इथे?"

सुनेनं माझा हात वर केला. "आई, उठा ना. तुम्हाला विचारतायत."

मला उठता येईना. माझ्यावर दिवे सोडले होते आणि मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसले होते. शेवटी मुलगाच उठला आणि त्यानं सगळ्यांना नमस्कार केला.

तो खाली बसला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सुनेचे डोळे कपाळात गेले होते. याचे नव्हते.

"तुला माहीत होतं?"

"फितीचं नव्हतं माहीत."

"मग काय माहीत होतं?"

"आई, घरी बोलू."

"इथेच बोल."

तो हळू बोलायला लागला. "तू बाहेर गेलीस की बाबा आम्हाला हवालदिलची नक्कल करून दाखवायचे. नक्कल कुठली, आधी स्वतःच हसत सुटायचे. ताई तर जमिनीवर लोळायची. जिन्यात तुझ्या किल्ल्या वाजल्या की गप्प."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पण."

मला कधीचा विसरलेला लग्नानंतरचा पहिला महिना आठवला. माझे मोठे भाऊ घरी आले होते. हे कशावरून तरी हसले, असेच, हवा ओढून. मी पाण्याचे पेले घेऊन आत येत होते. म्हटलं, "हे काय, पंप बिघडला वाटतं कुणाचा." भाऊ हसले, वहिनी हसल्या, सासूबाईसुद्धा हसल्या. माझ्या बोलण्यावर अख्खी खोली हसली म्हणून मी आठवडाभर खुशीत होते. हे तेव्हा काय करत होते ते आठवून पाहिलं. मी यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

साहेबांनी ते हसणं मुलाच्या फोनमध्ये घालून दिलं. वाटेत सून एकदा म्हणाली, "आई, पाणी हवंय का?" मी नको म्हणून मान हलवली.

घराखाली पोचलो तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. मी दोघांना पुढे पाठवलं. "चढा तुम्ही. मी दम खाऊन येते."

खालच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं वर दार उघडं राहिलेलं कळलं, कारण ते हसणं जिन्यातून खाली आलं. आधी हवा, मग पाणी. त्याच्या पाठोपाठ मुलगा हसला. त्याचं हसणं मी कधी नीट ऐकलं नव्हतं. तेही तसंच होतं. मग घरी राहिलेली नात म्हणाली, "परत लावा, परत लावा."

मी उठले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायला लागला, तसा तो मुठीत घट्ट आवळून धरला आणि दुसऱ्या हातानं कठडा पकडून चढू लागले. शेवटच्या वळणावर आले तेव्हा 'खं' झालं. नातीनं पुन्हा लावलं.

वर चार पायऱ्या उरल्या होत्या. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. मूठ उघडली नाही.