एकादशीचे डोळे

या, असे जवळ सरका. तिकडे पंख्याखाली बसलात तर वारा मिळेल, गोष्ट मिळायची नाही. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, पेटीवाला सूर जुळवतोय. तेवढ्यात नाहूरच्या मानसीची गोष्ट सांगून होईल. मधे थोडी भीती आहे. पण घाबरू नका, शेवटी जेवण आहे.

ही मानसी परब म्हणजे एक खणखणीत प्रकरण. सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी आधी तिला फोन करायचा, कारण लिफ्टवाला फक्त तिलाच घाबरायचा. अंधेरीला नोकरी, तिथेही तोच दरारा. आणि एवढ्या धडाक्याची पोरगी नवरात्रात नऊही दिवस उपास धरायची. सकाळी चहा, रात्री आरती झाल्यावर एखादं केळं, की झालं. वर गरबा, वर ऑफिस. "देवी चालवते," म्हणायची, आणि खरंच चालायचं.

एका वर्षी सातव्या माळेला ऑफिसात आरोग्य तपासणी आली. रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं, "उपाशीपोटी आहात ना?"

मानसीने बाही वर केली. "माझ्याइतकं उपाशी पोट आज तुला अख्ख्या अंधेरीत मिळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी फोनवर रिपोर्ट आला. सगळं काळ्या अक्षरात, आणि मधेच एक ओळ लाल. बिलिरुबिन. मर्यादेच्या दुप्पट. ते वाढलं म्हणजे कावीळ, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचे बाबा, जयवंत परब, यकृताच्या दुखण्याने गेले तेव्हा ती आठवीत होती. आधी त्यांचे डोळे पिवळे झाले होते. घरातले सगळे म्हणत होते, उन्हात फिरतोय म्हणून असेल.

ती बाथरूममध्ये गेली. आरशासमोर उभं राहून खालची पापणी ओढली. पिवळट झाक होती. दिव्याची की डोळ्याची? पुढे ती दर तासाला तिथे जाऊ लागली. फोनवर शोधत बसली, आणि फोनने तर तिला संध्याकाळपर्यंत पार वर पोचवलंच.

सांगितलं फक्त शीतलला. शीतल कांबळे शेजारच्या विंगमधली, पहिलीपासूनची मैत्रीण, आता ऑफिसही एकच.

"शीतल, माझी वाट लागली गं."

"कुणी लावली? नाव सांग फक्त."

मानसीने फोन पुढे केला. शीतलने रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला. "एकच तर लाल आहे. डॉक्टरकडे चल."

"दसरा होऊ दे."

"का? रक्ताला सोनं वाटायचंय?"

"आणि आईला बोललीस ना, तर बघ."

आईला, म्हणजे मालनबाईंना, तिने काहीच कळू दिलं नाही. एकदा पिवळे डोळे बघून झालेल्या बाईला पुन्हा कुठल्या तोंडाने सांगणार? त्याऐवजी तिने काय केलं, ऐका. आपलीच माणसं करतील असं केलं. घटासमोर हात जोडले आणि म्हणाली, "देवी आई, रिपोर्ट नीट येईपर्यंत अन्न घेणार नाही. केळंसुद्धा नाही."

दसऱ्याला मालनबाईंनी श्रीखंड-पुरी केली. लेकीने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि ताट झाकून ठेवलं. मालनबाई रुसल्या. मानसी लिंबूपाणी पिऊन झोपली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी उठून तिने पुन्हा रक्त दिलं. एवढं कडक व्रत, देवी ऐकणारच, अशी खात्री होती तिला. दुपारी रिपोर्ट आला. आकडा आणखी वर.

आता मात्र शीतलने तिला विचारलंच नाही. रिक्षात घातलं आणि मुलुंडला डॉक्टर नीलांकडे नेलं. बाईंनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

"बाकी यकृताच्या तपासण्या चांगल्या आहेत. जेवण कसं आहे? नीट जेवतेस?"

"हो," मानसी म्हणाली.

का खोटं बोलली? डॉक्टर रागावतील, खायला लावतील, नवस मोडेल. शीतलला वाटलं, नवरात्राचा उपास दसऱ्याला सुटला; नवसाचा तिला पत्ताच नव्हता.

"वडिलांना नक्की काय झालं होतं?" बाईंनी विचारलं. "घरातल्या मोठ्यांना विचारून ये. तोवर मी सोनोग्राफी आणि अजून काही रक्ताच्या तपासण्या लिहून देते."

आईला विचारणं शक्य नव्हतं. उरली बाबांची थोरली बहीण, शकुआत्या. पार्ल्याला एका खोलीत एकटी राहणारी, देवळात कीर्तन असलं की झांज घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. मुंबईत जन्म गेला तरी जिभेवरचं मालवण काही उतरलं नाही. मानसी तडक तिच्याकडे गेली.

ऊन खिडकीतून आत आलेलं होतं. आत्या खिडकीशी बसून फुलवाती वळत होती. तिने मान वर केली, आणि मानसीच्या हातून पर्स खाली पडली.

आत्याचे डोळे पिवळे होते.

"आत्या! तुलाही?"

"काय गो? असा काय बघतस, भूत बघितल्यासारखा?"

"डोळे... तुझे डोळे बघ ना आरशात!"

आत्या हसायला लागली. "ह्ये होय! ह्ये एकादशीचे डोळे गो माझे. दिवसभर पाण्यावर रवलंय ना. उद्या भात पोटात गेलो की जातले. माझ्या आवशीचे, तुझ्या आजीचे, पण असेच होयत. लोक म्हणत, उपासाचं तेज आहे."

"आणि बाबांचे?"

हातातली वात आत्याने नीट ताम्हनात ठेवली. "जयवंताचा वेगळा होता, बाय. त्येका रोगाची लागण झाली होती, आणि त्याने अंगावर काढलं. तो रोज जेवी, तरी डोळे पिवळेच. माझे जेवले की पांढरे. हा फरक मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

मानसीने मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. लाल ओळ, आरसा, नवस, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. सांगता सांगता स्वतःच थबकली. पोरगी हुशारच होती. उपास केला तेव्हा आकडा दुप्पट. उपास कडक केला, आकडा आणखी वर.

"आत्या, उपासानेच वाढतंय का गं हे?"

"माका काय विचारतस? मी काय डॉक्टर? त्या बाईला खरा सांग, ती सांगात."

"पण मी देवीला शब्द दिलाय. रिपोर्ट नीट आल्याशिवाय खायचं नाही. आणि खाल्ल्याशिवाय तो नीट येणार नाही असं असलं, तर?"

आत्याने झांज उचलली. तिला कीर्तनाला उशीर होत होता. तिने मानसीला सोबत नेलं, शेजारी बसवलं, रात्री आपल्याच चटईवर झोपवलं. मालनबाईंना फोन करून म्हणाली, "लेक माझ्याकडे आसा, काळजी नको."

सकाळी जाग आली ती खोबऱ्याच्या वासाने. भात, खोबऱ्याची आमटी, भोपळ्याची भाजी. आत्याने दोन पानं मांडली, पण बसली नाही.

"आता ऐक. काल एकादशी होती आणि काल तू उपाशी होतंस. होय की नाय?"

"होय."

"मग आज द्वादशी. पारणं चुकवलं तर कालचा उपास देवाकडे पोचतच नाही. ही रीत माझी नाय, त्याची आहे. आणि द्वादशीला आधी पाहुणा जेवतो, मग घरचा. आज पाहुणी तू. तू हात नाय लावलास तर मीही उपाशी. एका म्हातारीला उपाशी ठेवून कसला गो नवस तुझा?"

"आणि देवीला दिलेला शब्द?"

"शब्द भीतीने दिलेलो. आई असल्या शब्दाला धरून लेकराला उपाशी ठेवील? तुझी आई ठेवते काय?"

मानसीला दसऱ्याचं झाकलेलं ताट आठवलं. ती पानावर बसली. पहिला घास तिने देवीचं नाव घेऊन घेतला, दुसरा नुसता भुकेने. तिसऱ्या वाढीला आत्या म्हणाली, "आता माकाही ठेव थोडा," आणि दोघी इतक्या हसल्या की आमटी सांडली.

तिथूनच तिने डॉक्टरांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडून आधी सणसणीत बोलणी आली, मग सूचना: आठवडाभर दोन्ही वेळ जेव, मग सगळ्या तपासण्या करू. घरी जाऊन तिने आईलाही सांगितलं. मालनबाई रडल्या, रागावल्या आणि आठ दिवस लेकीच्या डब्यात दोन पोळ्या जास्तच घातल्या.

तपासण्या झाल्या. बाबांच्या रोगाची लागण नाही, सोनोग्राफी स्वच्छ, आकडा खाली.

"याला गिल्बर्ट म्हणतात," डॉक्टर नीला म्हणाल्या. "तुझं यकृत एका बाबतीत जरा संथ आहे, एवढंच. उपाशी राहिलीस की आकडा चढतो, जेवलीस की उतरतो. घराण्यात चालत येतं. औषध नाही, गरजही नाही. पण सगळेच पिवळे डोळे असे भले नसतात, म्हणून तपासलं. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललीस तर इंजेक्शन देईन, उगाचच."

बाहेर आल्यावर शीतल म्हणाली, "म्हणजे तुला खायलाच सांगितलंय? झकास. चल, मिसळ तुझ्याकडून."

मानसी नवरात्र अजून धरते. फक्त आता एक वेळ पोटभर जेवून. आरशात बघते ती टिकली लावायला.

बघा, सूर लागला. बुवा येताहेत. त्यांच्या उजव्या हाताला झांज घेऊन बसलेली म्हातारी दिसते? शकुआत्याच ती. आज एकादशी आहे, डोळे बघून भिऊ नका. एवढंच करा: उद्या द्वादशीचं पान मांडाल तेव्हा पहिल्या घासाला तिची आठवण काढा, आणि ओळखीत कुणी घाबरून उपाशी बसलं असेल, तर आधी त्याला पानावर बोलवा.