दोन जावांचे दोन घसे

मी रुसले की बोलत नाही, हे आमच्या घरातल्या भिंतींनासुद्धा माहीत आहे. आणि पहिला शब्द मी कधीच टाकत नाही. समोरच्याने नाक घासत यायला हवं. आता स्वभावच असा, त्याला मी तरी काय करू?

त्या आठवड्यात कारणही तसंच होतं. घराच्या पुढच्या खोलीत आमचं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशीन, त्यांवर आम्ही दोघी जावा. ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, मी लावलेली कोटाची बाही गिऱ्हाइकासमोर टराटरा उसवली आणि वर म्हणाल्या, "हिला किती वेळा शिकवायचं!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून माझं तोंड बंद.

मग दोघींचेही घसे एकदमच धरले. ताईंनी घर डोक्यावर घेतलं. "मेले गं बाई, थुंकी गिळवत नाही!" असं म्हणत मिठाच्या गुळण्या काय, गळ्याला फडकं काय! जेवायला मात्र वेळेवर हजर. माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी आणलेल्या गोळ्यांतल्याच निम्म्या माझ्यापुढे ठेवल्या. "साथ एकच, औषध एकच," म्हणाला.

एकच कसलं? ताईंचा घसा दोन्हीकडून दुखत होता. माझा फक्त उजवीकडून, आणि कळ थेट कानात जायची. ताप चढतच होता. पुढे जबडाच उघडेना. दातांमध्ये बोट शिरेना, तिथे गोळी कशी शिरणार? सांगायला गेले तर नुसता घोगरा, अर्धवट आवाज निघाला. नवरा म्हणाला, "चला, कुरकुरायला लागली म्हणजे राग निवळतोय." मी कापडावर खुणा करायच्या खडूने लिहून दाखवलं, 'गिळता येत नाही.' तर म्हणे, "वहिनींनाही नाही येत." मला रडू कोसळलं. त्याला तेही रागाचंच वाटलं. जन्मभर रुसून कमावलेलं नाव आता माझ्याच जिवावर उठलं होतं.

दुपारी मी मशीनवर डोकं टेकून बसले होते. लाळ गळत होती, ती पुसायचंही त्राण नव्हतं. ताईंनी न बोलता माझ्या बाजूला चहाचा कप आदळला. आमच्या भांडणातही चहा चालू असतो, आणि मी तो रागारागाने का होईना, पितेच. थोड्या वेळाने त्या कप उचलायला आल्या. चहा तसाच होता, वर साय धरलेली. त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि किंचाळल्या, "अहो भावजी, ही रुसलेली नाही! हिचं तोंडच उघडत नाहीये! गाडी आणा आधी!"

दवाखान्याच्या जिन्यात त्या ओरडत होत्या, रांगेतल्या लोकांवर ओरडत होत्या, "बाजूला व्हा, माझी धाकटी जाऊ आहे!" डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड जेमतेम उघडून आत बॅटरी मारली. मग ताईंचाही घसा पाहिला.

"यांच्या टॉन्सिलच्या गाठी दोन्हीकडे सारख्याच सुजल्यात. वर पांढरे ठिपके आहेत, गोळ्यांनी उतरेल. पण हिच्या एकाच बाजूला, गाठीच्या मागे पू साठलाय. पडजीभ पार पलीकडे ढकलली गेलीय. हा पू आत्ता काढला नाही तर श्वास अडेल."

"काढा, आत्ताच काढा," नवरा म्हणाला.

सुईने पू काढला. काय सोसलं ते माझं मला ठाऊक. पण श्वास मोकळा झाला आणि संध्याकाळपर्यंत जबडाही सैल पडला.

ताई खाटेशेजारीच होत्या. ओरडून ओरडून त्यांचा सुजलेला घसा पार बसला होता. ओठ हलायचे, आवाज नाही. दुखतंय का, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी नुसती मान हलवली. बराच वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसले आणि पिशवी उचलली. हिचा राग अजून गेलेला नाही, असंच त्यांना वाटलं असणार.

आणि खरं सांगते, गेला नव्हताच. ती बाही मी नीटच लावली होती. पण जबडा धरल्यापासून मला बोलताच येत नव्हतं, आता येत होतं. आता गप्प राहिले असते, तर तो खरोखरचा अबोला झाला असता. या बाईशी तो धरायची माझी छाती होईना.

त्या दारापर्यंत पोचल्या होत्या.

"ताई," मी म्हणाले, "जाऊ नका ना. मला फार भीती वाटतेय."