ओरिजिनल पट्टी

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'ओरिजिनल मेलडीज, सोलापूर' असं आहे आणि आमच्याकडे ओरिजिनल म्हणावं असं एकही गाणं नाही. सगळी सिनेमातली, सगळी जुनी, सगळी दुसऱ्यांनी गाऊन गाजवलेली. आम्ही ती लोकांच्या लग्नात, बारशात आणि निवृत्तीच्या समारंभात परत गातो. नाव चन्नवीर अप्पांनी ठेवलं. ते आमचे मुख्य गायक, आणि ज्या गोदामात आम्ही तालीम करतो ते त्यांचंच. अप्पा शेंगांचे व्यापारी. त्यामुळे आमच्यापैकी कुणीही कुठेही गेलं की आधी भाजलेल्या शेंगांचा वास जातो, मग माणूस.

मी संघप्रिया. विमा कंपनीच्या काउंटरवर दिवसभर लोकांची बोलणी खाते आणि रविवारी कीबोर्ड वाजवते. बाबा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यांच्याकडून शिकले. ते गेल्यावर मी पेटीचं झाकणसुद्धा उघडत नव्हते. एक दिवस अप्पा घरी आले, चहा प्यायले, बाबांबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि निघताना म्हणाले, "बाई, रविवारी गोदामात या. कीबोर्डवाला पळून गेलाय." तेव्हापासून जाते आहे. हा उपकार मी अप्पांना कधी बोलून दाखवला नाही. माझा स्वभाव तसा नाही. पण आहे.

बाकी दोघंजण. ऑक्टोपॅडवर हणमंत. एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, मूळचा माळशिरसकडचा, बोलायला अत्यंत कंजूष. आणि गायिका चैताली, शाळेत शिकवते, म्हणून सगळ्यांनाच शिकवते.

अप्पांचा सगळा अभिमान एकाच गोष्टीत होता. पट्टी. म्हणजे गाणं ज्या उंचीवर रेकॉर्ड झालं, बरोबर त्याच उंचीवर ते गायचे. वय झालं की बहुतेक गायक गाणं जरा खाली उतरवून गातात, त्यात गैर काही नाही. पण अप्पांना तो भ्रष्टाचार वाटायचा. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते माईक हातात घेऊन सांगायचे, "मंडळी, हितं सगळं ओरिजिनल पट्टीत हाय. ज्या दिवशी माझी पट्टी सुटंल, त्या दिवशी सिद्धेश्वराच्या साक्षीनं हा माईक हणमंताच्या हातात दीन आन् खाली उतरीन. परत चढणार न्हाय."

लोक टाळ्या वाजवायचे. हणमंत मान खाली घालायचा. आम्हाला वाटायचं, लाजतोय.

पट्टी सुटली ती करकंबच्या एका लग्नात. अप्पांचं एक हुकमी गाणं आहे, त्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात एक सूर जिन्याच्या शेवटच्या पायरीसारखा वर जाऊन बसलाय. त्या दिवशी अप्पा तिथपर्यंत गेले आणि त्यांच्या गळ्यातून रिकाम्या नळासारखा आवाज आला. नशिबाने त्याच वेळी नवरदेवाचे मित्र डीजे लावा म्हणून ओरडत होते, त्यामुळे कुणाला कळलं नाही. अप्पांनी मांडवातल्या धुरळ्याला दोष दिला. पण परतीच्या वाटेवर ते मोडनिंबला चहालासुद्धा उतरले नाहीत. चहाला न उतरलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला कळलं. हा माणूस आता माईक सोडणार. त्याने माईक सोडला की गोदाम बंद, रविवार बंद, आणि मग माझ्याकडे उरणार काउंटर.

कीबोर्डला ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की बोटं त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर तशीच फिरतात, पण सूर खाली उतरतो. पुढच्या कार्यक्रमाला मी ते एकदा दाबलं. कुणाला काही न सांगता. अप्पांनी तो अंतरा घेतला, सूर लागला. खाली आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्येष्ठमध, बाई! आठवडाभर चघळतोय. गळा परत कसा उघडला बघा की!"

त्यानंतर मलाही ते ज्येष्ठमधाच्या पुड्या द्यायला लागले. पुढच्या वर्षी बटण दोनदा दाबायला लागलं. पुड्यांचा आकारही वाढला.

हे सगळं मी एकटीने, तोंडाला कुलूप लावून सांभाळत होते, आणि बाकीचे दोघं माझ्या मेहनतीवर पाणी ओतत होते. अप्पा त्या सुरावर पोचायला आणि हणमंताने थाळीच्या आवाजाचा पॅड धाडकन हाणायला एकच गाठ. दर वेळी. मी त्याला किती वेळा सांगितलं, "हणमंत, तिथं थाळी नाहीये गाण्यात." तो म्हणायचा, "बरं ताई," आणि पुढच्या वेळी आणखी जोरात. चैतालीचं तर विचारूच नका. त्याच जागी तिला अप्पांच्या वर आपला आलाप चढवायचाच असायचा. मी हटकलं तर म्हणायची, "त्याला हार्मनी म्हणतात, ताई." शिकवणारच. आणि अलीकडे खुद्द अप्पांना एक नवीन खूळ लागलं होतं. तो सूर आला की माईक लोकांपुढे धरायचा आणि म्हणायचं, "सगळ्यांनी!" मला वाटलं, टीव्हीवर बघून शिकले असतील.

थोडक्यात, एका सुरासाठी मी जीव टाकत होते आणि तो सूर ऐकू देईल असा एकही माणूस स्टेजवर नव्हता.

यंदा अप्पांची साठी झाली. अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात दुपारचं जेवण आणि गाणं. दुसऱ्या कुणाचा ऑर्केस्ट्रा बोलावण्याचा प्रश्नच नव्हता, आपल्या साठीला अप्पा स्वतःच गाणार होते. सगळा गोतावळा जमला होता, अर्धा मराठी बोलणारा, अर्धा कन्नड. पहिल्या रांगेत अप्पांच्या आई, शरणम्मा; अप्पा त्यांना अव्वा म्हणतात. त्या इतकी वर्षं गावाकडे होत्या, त्यांनी मुलाला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. शेजारी अप्पांच्या बायको सिद्धेश्वरीवहिनी. अप्पांनी नवीन जाकीट घातलं होतं आणि सकाळपासून तीनदा मला विचारून झालं होतं, "बाई, ते गाणं अव्वाला आवडंल का हो?"

मी म्हटलं, "का नाही आवडणार?" आणि बटण दोनदा दाबून ठेवलं.

अप्पांनी माईक घेतला, आपलं नेहमीचं भाषण केलं, सिद्धेश्वराची साक्ष काढली. आईसाठी म्हणून ते कन्नडमध्येही परत सांगितलं. म्हणजे या वेळी शपथ दोन भाषांत झाली. आणि तेवढ्यात लाइट गेली.

लाइट गेली नव्हती, केटररने घालवली होती. त्याने आइस्क्रीमचा फ्रीज आमच्या बोर्डात खुपसला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून चैतालीच्या कॉर्डलेस माईकच्या रिसीव्हरची पिन काढून तिथे दुसरं काहीतरी लावलं. फ्यूज उडाली, हणमंताने जाऊन बसवली. पुन्हा सगळं सुरू झालं. पंक्ती बसल्या होत्या, पानात शेंगापोळ्या पडल्या होत्या. अप्पा म्हणाले, "चला, घ्या." आम्ही घेतलं.

कीबोर्ड बंद होऊन सुरू झाला की ट्रान्सपोज शून्यावर येतं. हे मला माहीत नाही असं नाही. पण बोटं त्याच पट्ट्यांवर फिरतात ना! बोटांना काय कळणार? मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. मला आवाज जरा चढा वाटला, मी म्हटलं, हॉल मोठा आहे. दुसऱ्या अंतऱ्याला अप्पांच्या मानेच्या शिरा दिसल्या आणि मी खाली पाहिलं. शून्य. दोन्ही हात वाजवण्यात, बटण दाबायला तिसरा हात कुठून आणू?

अप्पा सुराकडे निघाले. हणमंताने काठी उचलली आणि नेहमीच्या पॅडवर धाडकन हाणली. पण फ्यूज उडाल्यावर त्याचंही यंत्र पहिल्या कप्प्यावर जाऊन बसलं होतं, आणि पहिल्या कप्प्यात त्याने आरतीचे आवाज भरून ठेवलेले. सगळ्या हॉलमध्ये देवळातली घंटा घणघणली. पंक्तीतल्या निम्म्या लोकांनी उष्टे हात जोडले. एक मामा तर उठून उभे राहिले. चैतालीने आपला आलाप चढवला, तोंड उघडलेलं सगळ्यांना दिसलं, आवाज काही आला नाही. अप्पांनी घाईघाईने माईक लोकांपुढे धरला आणि ओरडले, "सगळ्यांनी!"

तोंडात शेंगापोळी असली की माणसाला धड 'हं'सुद्धा म्हणता येत नाही. सगळे नुसते बघत राहिले.

मग अप्पांना सूर लावावाच लागला. जे काय बाहेर आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. माझा जीव आहे त्या माणसावर.

गाणं थांबलं. वाढपीही थांबले. अप्पा कुणाकडे न बघता स्टेजवरून चालत हणमंतापाशी गेले आणि माईक त्याच्यापुढे धरला. "घे," म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

हणमंत दोन पावलं मागे सरकला. "नगं."

"घे म्हणतो न्हवं! शब्द दिलाय मी."

"मला नगं अप्पा!" हणमंत असा ओरडला की माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "मला गाता येत न्हाय. तुमी दर टायमाला माजं नाव घेता, मला वाटतंय उठून पळावं. म्हणून तर करकंबपासनं त्या जागेला थाळी बडवतोय. तुमचा फाटल्याला सूर कुणाला ऐकू जाऊ नये, आन् ह्यो माईक माज्या हातात येऊ नये."

इतकी वर्षं मी त्याला बेताल समजत होते.

चैताली रडवेली झाली होती. "मीसुद्धा, अप्पा. तुमचा सूर लागला नाही तर लोकांना माझा ऐकू यावा म्हणून... ती हार्मनी नव्हती."

आता मला कुणी काही विचारत नव्हतं. मला गप्प बसता आलं असतं. पण अप्पांचं तोंड बघवेना. "अप्पा," मी म्हटलं, "ज्येष्ठमधाने काही झालं नव्हतं. मी पट्टी खाली घेत होते. दोन. आज लाइट गेली म्हणून ती परत वर गेली. तुम्ही आत्ता जिथं फाटलात ना, ती ओरिजिनल. करकंबनंतर सगळी वर्षं तुम्ही खालीच गात होता, आणि फार चांगलं गात होता."

अप्पा आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघत होते. मला वाटलं, आता भडकणार. ते म्हणाले, "मला वाटत हुतं सूर लागतोय, पण भरोसा न्हवता. म्हणून तर लोकाफुडं माईक धरत हुतो." मग आम्हाला विचारलं, "म्हंजे तो सूर इतकी वर्षं कुणीच ऐकला न्हाय?"

"ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, अप्पा," मी म्हटलं. "सगळे झाकण्यात गुंतलेले."

सिद्धेश्वरीवहिनी मोठ्याने हसल्या, आणि मग हॉलभर हसू पसरलं. अप्पा मात्र हसले नाहीत. ते पहिल्या रांगेकडे बघत होते. शरणम्मांनी तोंडातला घास शांतपणे गिळला, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि मुलाला हाक मारून म्हणाल्या, "चन्ना, हाडु मुगसप्पा." गाणं पुरं कर, बाबा. त्यांच्या लेखी एवढंच झालं होतं, की मुलगा गाणं अर्ध्यात सोडून इकडेतिकडे बोलत बसला होता.

"अव्वा, शब्द दिलाय," अप्पा म्हणाले.

"शब्द दिलास, पण गाणंही सुरू केलंस ना?" म्हातारी मराठीत म्हणाली. "पुरं कर. मग काय करायचं ते कर."

अप्पांनी जाकिटाचं वरचं बटण काढलं. माईक तोंडाजवळ नेला. आणि सगळ्या गोतावळ्यासमोर, ज्यांना ते आयुष्यभर पट्टीबद्दल ऐकवत आले होते त्या प्रत्येक पाहुण्यासमोर, स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाई, दोन खाली घ्या."

माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचा भयंकर राग आला, कारण बटणाचे आकडे दिसेनात. मी पुसले, बटण दाबलं. एकदा, दोनदा. अप्पांकडे बघितलं. मग तिसऱ्यांदा.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन. साठ झाली तुम्हाला."

"घ्या तीन," ते म्हणाले, आणि दुसऱ्या अंतऱ्यापासून परत धरलं.

तो सूर आला तेव्हा हणमंताची काठी सवयीने वर गेली होती. त्याने ती तशीच हवेत धरून ठेवली. चैतालीने ओठ घट्ट मिटून घेतले. अप्पांनी माईक कुणापुढेही धरला नाही, आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो सूर आम्ही पहिल्यांदा पुरता ऐकला. थोडा कापरा होता. शेवटपर्यंत टिकला.

गाणं संपल्यावर अप्पा माईक घेऊन परत हणमंताकडे निघाले. हणमंत ऑक्टोपॅडच्या मागे खाली बसून फ्यूज शोधत असल्याचं सोंग करायला लागला. अप्पा माईक जाकिटाला पुसत मागे फिरले आणि म्हणाले, "पुढचं घ्या, बाई. तीनच राहू द्या."