नववं पिस्तूल

"हे आठवं," म्हणत सावळीरामांनी पिस्तुलाच्या नळीत बॅटरी मारली. नळी आतून बुजवलेली होती. "नकली. ठेवा बाजूला."

लासलगावजवळच्या एका कांद्याच्या चाळीत गुन्हेगारी चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. नाशिकच्या पोलीस शस्त्रागारात चौतीस वर्षं बंदुका पुसून निवृत्त झालेल्या सावळीरामांना निर्मात्याने हत्यारं ओळखायला बोलावलं होतं. त्यांची सही झाल्याशिवाय शॉट घ्यायचा नाही, असं ठरलेलं. माणूस भलताच संशयी. प्रसादाच्या पेढ्याचीसुद्धा झडती घेतील, असं बायको अंबूबाई चारचौघांत सांगायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. या स्वभावापायी मित्रही चार उरले नव्हते.

हत्यारं सांभाळणाऱ्या कुंदनने कागद पुढे केला. "करा काका सही. ऊन उतरतंय. पायलच्या कपाळाला पिस्तूल लावून घोडा दाबायचाय, एवढाच शॉट राहिलाय. तिचा मेकअप झाला की घेतोच."

सावळीराम पेन उघडता उघडता थांबले. पलीकडे हीरो एकटाच तालीम करत होता.

"त्याच्या हातातलं कुठलं?"

"ते रबराचं हो. यादीत कशाला घ्यायचं?"

"मुठीवर कुंकू आहे त्याच्या."

कुंदन हसला. "खंडेनवमीला आम्ही पण पूजा करतो, काका. कॅमेऱ्याची, लाइटची, सगळ्याची."

"मग या आठांना का नाही लावलं?"

कुंदनचं हसू मावळलं. सावळीराम तरातरा हीरोकडे गेले. हीरो चिडला, दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला; पण त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. पिस्तूल काढून घेतलं, नळी जमिनीकडे केली आणि वरचा भाग मागे ओढला. टप्पकन एक जिवंत गोळी मातीत पडली.

चाळीचे मालक भिकनशेठ पांढरेफटक पडले. "माझं लायसनचं हाय ते. हीरोसाहेब म्हणले, हातात खरं पायजे, तर म्याच दिलं. पण मॅगझिन काढून दिलं ना! मला वाटलं मोकळं झालं."

"मॅगझिन काढलं तरी आत एक राहते, शेठ."

आपला संशय खोटा निघायला हवा होता, असं उभ्या आयुष्यात सावळीरामांना कधी इतकं वाटलं नव्हतं.

पोलिसांना फोन गेला, शूटिंग बंद झालं. सावळीराम फाटकाशी जीपची वाट बघत बसले, तेवढ्यात मेकअपच्या तंबूतून पायल आली. डोळे भरलेले.

"तुम्हीच बंद पाडलं ना? माझा पहिला क्लोजअप होता! सटाण्याहून घरचे सगळे आलेत बघायला. कुणाचं चांगलं बघवतच नाही का तुम्हाला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रात्रीपर्यंत तिला कळणारच होतं. पण ते आपल्या तोंडून नको.

"चुकलंच माझं, पोरी."

ती पाय आपटत घरच्यांकडे गेली. आईने तिला जवळ घेतलं आणि तिच्या कपाळावरची पावडर पदराने हळूहळू पुसून काढली.