उणे ऐंशीचा आकडा

मी एक जुना फ्रीजर आहे मित्रांनो, आणि माझ्यात आइस्क्रीम नाही. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून हिरमोड नको. परळच्या एका प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला टेकून मी चौदा वर्षं उभा आहे. पोटात उणे ऐंशी अंश थंडी. नवा होतो तेव्हा दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला, पुढ्यात पेढा ठेवला. आता माझ्या दारावर सुट्ट्यांची यादी चिकटवतात.

माझ्याकडे माणसांच्या मेंदूचे तुकडे असतात. घाबरू नका. आमच्यामागे हा अभ्यासाला घ्या, असं त्यांनी जिवंतपणीच लिहून दिलेलं असतं. वरच्या कप्प्यातल्या एका डबीत नायगावच्या सुचित्राबाई आहेत. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. विजेच्या वायरवर असतं तसं मेंदूतल्या तंतूंवर वेष्टन असतं. या आजारात ते जागोजागी खराब होतं. मग हातातला तांब्या सुटतो, पाय ऐकत नाही, आणि थकवा तर विचारू नका.

डॉक्टर किर्ती यांनी त्यांचा मेंदू तपासला, आणखी बऱ्याच जणांच्या मेंदूंबरोबर. मी शेजारी उभा राहून सगळं ऐकलंय. पेशीत डीएनए असतो, म्हणजे कामाच्या सूचनांची वही. तिच्यावर मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणा असतात. एखाद्या पानावर खुणा वाढल्या की ते पान बहुधा मिटलेलं राहतं. वहीतलं अक्षर तेच, पण काम बदलतं. किर्ती मॅडमना आढळलं ते असं, की वेष्टन जिथे धडधाकट दिसत होतं तिथेही या खुणा बदललेल्या होत्या.

हे सांगायला त्यांनी सुचित्राबाईंच्या मुलीला, अपेक्षाला बोलावलं. ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली.

"म्हणजे आई थकायची ते यामुळेच?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "पण चांगला दिसणारा भाग पूर्ण चांगला नव्हता, एवढं नक्की."

अपेक्षाचे डोळे भरले. "शेवटच्या वर्षी स्कॅन आधीसारखाच आला होता. मी तिला म्हटलं, रिपोर्ट बरा आहे ना, मग ऊठ की. नाटकं नको करूस. उठली बिचारी, भिंत धरून मोरीपर्यंत गेली. त्यानंतर थकले म्हणून तिने कधी सांगितलंच नाही."

मी तेव्हा घरघरत होतो. महिनाभर घरघरत होतो. दाराच्या रबरावर बर्फ साचून फट पडली होती आणि वरच्या कप्प्यातली थंडी कमी होत चालली होती. पण आकडा दाखवणारा सेन्सर बसवलाय माझ्या तळाशी. तिथे सगळं आलबेल. जो तो यायचा, आकडा बघायचा आणि 'म्हातारा कुरकुरतोय' म्हणून निघून जायचा. असा संताप यायचा मला.

"हा असा आवाज का करतोय?" अपेक्षाने विचारलं.

"जुना झालाय. आकडा बरोबर आहे, बघा ना."

अपेक्षा त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एकदा उघडून बघता का?"

मॅडमनी जाड हातमोजे चढवले, दार उघडलं, वरच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला. उणे अठ्ठेचाळीस. त्यांचा चेहरा उतरला. वरच्या कप्प्यातल्या सगळ्या डब्या त्यांनी भराभर शेजारच्या फ्रीजरमध्ये हलवल्या.

"आईचं काही बिघडलं नाही ना?"

"नाही. गोठलेलंच आहे अजून. पण आणखी थोडे दिवस गेले असते, तर सांगता आलं नसतं."

निघताना अपेक्षाने माझ्या दारावर हात ठेवला. "आईने सांगणं सोडलं," ती हळूच म्हणाली. "तू सोडू नकोस रे."

आता माझं रबर दर सोमवारी पुसतात, आणि वरच्या कप्प्यालाही एक सेन्सर लावलाय. माझं काय, मी यंत्र आहे, कान किटेपर्यंत घरघरत राहीन. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी थकलंय म्हणत असेल आणि रिपोर्टात काहीच दिसत नसेल, तर जवळ बसून ऐका. ते माणूस सांगतंय तोवरच ऐका.