कॉलरवरचं रक्त

लॉन्ड्रीच्या इस्त्रीखोलीत माणसाचं नाक फुटलं तर आधी कपडा वाचवायचा. हा नियम कुणी भिंतीवर लावलेला नाही, पण पाळतात सगळे. वाफ्याही पाळायचा. दिवसभर वाफेत उभा, म्हणून नाव वाफ्या. नाक ओलं झालं की मान मागे टाकायची, रक्त गिळायचं, हात चालू ठेवायचा. डोकं तर रोजच ठणकायचं. त्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातली गोळी. ती पोटात जाऊन आणखी काय करते, हे ना देणाऱ्यानं सांगितलं, ना यानं विचारलं.

एके दिवशी मान मागे जायला उशीर झाला. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर थेंब पडले आणि घाबरून यानं त्यावरच इस्त्री फिरवली. डाग पक्का बसला. डाग काढणाऱ्या मावशीनं गार पाण्यात घासघासून हात टेकले.

"कुणाचे प्रताप हे?" मालक ओरडला.

"आला तेव्हाच होता डाग," वाफ्या म्हणाला. "गिऱ्हाईकाचं नाक फुटत असणार."

नाकाचं नाव काढायची काही गरज नव्हती. पण खोटं बोलणाऱ्याला एक शब्द जास्त बोलल्याशिवाय चैन पडत नाही. मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा कपडा घासायला घेतला. ही नोकरी अशीच टिकते, सगळ्यांची.

शर्ट न्यायला गिऱ्हाईकाची आई आली. मालकानं चारचौघांत सुनावलं, "बाई, तुमच्या मुलाच्या नाकाचं रक्त आहे हे. आमच्या माथी मारू नका." ती शर्ट घेऊन गेली.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा ओढलेला, केसही नीट विंचरलेले नव्हते.

"डाग पहिल्यांदा कुणी बघितला?"

मालकानं वाफ्याला पुढे ढकललं.

"अरे बाबा, नीट आठवून सांग," ती म्हणाली. "रक्त किती होतं? माझ्या पोराचं डोकं दुखतं, ते मला ठाऊक होतं. रक्ताचं लपवलंन त्यानं. विचारलं तर शपथ घेतो, आई, नाही गं. खोटारडा म्हटलं मी त्याला. ओढत नेला डॉक्टरकडे. आता डोक्याचा फोटो काढायचाय. झोप नाही रे मला."

वाफ्याच्या पाठीमागे मालक उभा. बोलला तर नोकरी गेली. नाही बोलला तर ही बाई पोराच्या डोक्यात काहीतरी वाढतंय असं धरून मरणार.

"काकू, रक्त माझं होतं."

"काय?" मालक म्हणाला.

बाई कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसली. आता शिव्या देईल, म्हणून वाफ्यानं मान खाली घातली.

"तुझंही डोकं दुखतं?"

"हो."

"गोळ्या खातोस? रोज?"

"रोज."

"गाढवा, काही गोळ्यांनी रक्त गोठत नाही लवकर! आणि ही इस्त्रीची धग. नाक आतून तडकतं. बीपी मोजलंस कधी? ते वाढलेलं असलं तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. नाक फुटल्यावर काय करतोस?"

"मान मागे टाकतो."

"पुढे वाकायचं. नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा. रक्त गिळायचं नाही." तिनं स्वतःचंच नाक दाबून दाखवलं. "डॉक्टरला विचार विचार विचारलं मी. पाठ झालंय सगळं."

पोरासाठी घाबरून गोळा केलेलं ते सगळं ती त्याला देत होती. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं पोराला फोन लावून वाफ्याच्या हातात दिला. "सांग त्याला. तुझ्या तोंडानं."

वाफ्यानं सांगितलं.

"आई तिथेच आहे का?" पोरगा म्हणाला. "तिला एकटीला सोडू नका. दोन घास पोटात गेले नाहीत तिच्या."

"हो साहेब," वाफ्या म्हणाला आणि फोन परत करताना तिच्याकडे बघू शकला नाही. ती उठली, तोल गेला, तिनं त्याचाच हात धरला.

"कुठे निघालास?" मालक ओरडला. "पांढरे कपडे पडलेत!"

"काकूंना घरी सोडतो," वाफ्या म्हणाला. "मग दवाखान्यात जातो. पांढऱ्यांचं तुमचं तुम्ही बघा."

रस्त्यानं तिनं त्याचा हात सोडला नाही, आणि वाफ्याला वाटत होतं की तिनं तो झिडकारावा.